बलूनने गाडी वर येते, वजन पुढे येत नाही

(हा आमच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. प्रश्न आलाय डहाणूजवळच्या मसोलीहून. नाव सांगत नाही, 'दादा' म्हणू या. दादांची चिकूची वाडी आहे. थोडी जमीन तळासरीच्या बाजूला घेतली आहे, तिथे नवीन कलमं लावलीत. घरात एक छोटी एसयूव्ही आहे आणि त्यांनी दोन चाकांची लहान ट्रॉली करून घेतली आहे. ट्रॉलीत कधी क्रेट, कधी फवारणीचा पंप आणि पाण्याचा ड्रम. आशागड, गंजाड करत चारोटीला यायचं, तिथून हायवेने तळासरी. आठवड्यातून दोन खेपा.

त्यांनी लिहिलंय ते साधारण असं: "ट्रॉली जोडली आणि डिकीत चार क्रेट टाकले की गाडी मागून बसते. गॅरेजवाला म्हणतो, मागच्या स्प्रिंगमध्ये एअर बलून टाकून घ्या, गाडी एकदम सरळ होईल. खर्च करायला हरकत नाही. पण हायवेला वेगात असताना स्टेअरिंग हलकं लागतं, आणि पुढच्या महिन्यापासून मुलगा गाडी चालवणार आहे. बलून टाकले की हा त्रास जाईल का?"

प्रश्न छान आहे, कारण यात दोन त्रास एकत्र आलेत. गाडी मागून बसते हा एक. स्टेअरिंग हलकं लागतं हा दुसरा. गॅरेजवाल्याने उत्तर दिलंय पहिल्याचं. दादांना काळजी आहे दुसऱ्याची. आणि बलून पहिला त्रास घालवतो, दुसरा नाही. आजच्या भागाचा सारांश एवढाच. पण असं का होतं ते कळलं, तर मग बलून टाकायचे की नाही, टाकले तर कसे वापरायचे, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी, कुठला बलून?

एअरबॅग म्हटलं की आपल्याला अपघातात स्टेअरिंगमधून फुगणारी पिशवी आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. म्हणून मी आज सगळीकडे 'बलून' म्हणणार आहे, ड्रायव्हर लोकही तेच म्हणतात.

दुसरा गैरसमज शिवनेरीचा. व्होल्वो बसला एअर सस्पेन्शन असतं हे ऐकलेलं असतं. तिथे लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेचे बलून असतात, पूर्ण बसचं वजन त्यांच्यावर असतं, आणि किती हवा भरायची ते बसमधली यंत्रणा सतत ठरवत असते. आपण बोलतोय ते मदतनीस बलून. गाडीची मूळ गुंडाळी स्प्रिंग जागेवरच राहते, तिच्या पोकळीत जाड प्लास्टिकसारख्या पॉलियुरेथेनचा नळकांडीच्या आकाराचा बलून सरकवतात. त्याला बारीक नळी, नळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह. हवा भरली की बलून स्प्रिंगच्या आत ताठ होतो आणि स्प्रिंगबरोबर थोडं वजन उचलतो.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतली एअर लिफ्ट ही कंपनी १९४९ पासून याच धंद्यात आहे. त्यांचा स्प्रिंगच्या आत बसणारा 'एअर लिफ्ट १०००' हा संच ५ ते ३५ पीएसआय हवेवर चालतो. म्हणजे आपल्या कारच्या टायरइतकी किंवा त्याहून कमी हवा. ऑस्ट्रेलियात तर कॅरॅव्हान ओढणाऱ्यांमध्ये हे बलून घरोघरी माहीत आहेत. आपल्याकडे गाडीमागे ट्रॉली ओढणारे कमी, पण ओव्हरलोडला उपाय म्हणून बलून आणि रबरी बफर आता बऱ्याच गॅरेजमध्ये मिळतात.

बोलेरो किंवा पिकअपसारख्या गाडीला मागे पाटे असतात, तिथे बलून पाट्याच्या वर, चासी आणि ॲक्सलच्या मध्ये बसतो. त्याबद्दल शेवटी बोलू. दादांची गाडी गुंडाळी स्प्रिंगची आहे, तीच धरून चालू.

उलाळ

आता थोडं मागे जाऊ, बैलगाडीकडे. जुन्या लोकांना 'उलाळ' हा शब्द माहीत असेल. गाडीत माल मागे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. गाडी उलाळ झाली म्हणायचं. मग गाडीवान काय करायचा? चाकाखाली दगड घालायचा नाही. दोन पोती पुढे सरकवायचा, नाहीतर स्वतः पुढे येऊन बसायचा.

ट्रॅक्टरवाल्यांना हेच वेगळ्या रूपात माहीत आहे. दोन चाकी ट्रॉलीचा भार हुकावर येतो, ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, चढाला पुढची चाकं उचलतात. म्हणून ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजनं लावतात. मागच्या टायरात हवा वाढवून कुणी हा प्रश्न सोडवत नाही.

एसयूव्हीचंही तेच होतं, फक्त डोळ्यांना इतकं दिसत नाही. ट्रॉलीचा हूक मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. म्हणजे मागचं चाक झालं तरफेचा मधला टेकू. हुकावर वजन ठेवलं की मागचं टोक खाली, पुढचं टोक वर. मागच्या चाकांवर हुकाचं वजन तर येतंच, वर पुढच्या चाकांवरून सुटलेलं वजनही येतं.

आकड्यात मांडू

हिशेब सोपा आहे, कागद घ्या. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर २५० सेंटीमीटर. ब्रेझाचं एवढंच आहे, बाकीच्या छोट्या एसयूव्ही थोड्याफार फरकाने याच गटात. समजा मागच्या चाकाच्या मध्यापासून हूक १०० सेंटीमीटर मागे आहे. ट्रॉली मालासकट ५०० किलो आणि तिचा हुकावर भार ५० किलो.

पुढून किती वजन सुटलं? ५० गुणिले १००, भागिले २५०. उत्तर २० किलो. मागे किती आलं? ५० अधिक २०, म्हणजे ७० किलो.

आता डिकीतले चार क्रेट. एक क्रेट २० किलोचा धरू, झाले ८० किलो. डिकीचा मध्य मागच्या ॲक्सलपासून ६० सेंटीमीटर मागे धरू. ८० गुणिले ६०, भागिले २५०. पुढून आणखी १९ किलो गेले. मागे आले ९९.

बेरीज करा. मागच्या चाकांवर १६९ किलो वाढले, पुढच्या चाकांवरून ३९ किलो गेले. गाडीत घातले फक्त १३०, पण मागच्या स्प्रिंगला कळले १६९. म्हणून गाडी आपल्या अंदाजापेक्षा जास्त बसते.

३९ किलो म्हणजे काही गाडी हवेत उचलली जात नाही. छोट्या एसयूव्हीच्या पुढच्या ॲक्सलवर सहाशे-सातशे किलो असतात. पण लक्षात घ्या, बहुतेक छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांनी ओढतात, पुढच्याच चाकांनी वळतात, आणि ब्रेकचं मोठं काम पुढचीच चाकं करतात. तिन्ही कामं ज्या चाकांची, त्यांचंच वजन कमी केलंय. पावसात ओल्या रस्त्यावर, चढाला, किंवा खड्ड्यातून ट्रॉली उसळल्यावर हुकाचा भार क्षणभर दुप्पट होतो तेव्हा, हा फरक स्टेअरिंगवर कळतो. दादांना जे हलकं लागतंय ते हेच.

मग बलून काय करतो?

बलून बसतो ॲक्सल आणि बॉडी यांच्या मध्ये. हवा भरली की तो बॉडीला वर ढकलतो आणि तेवढ्याच जोराने ॲक्सलला खाली. गाडीची मागची बाजू वर येते. पण रस्त्यावर कुठल्या चाकाने किती भार टेकवायचा हे ठरतं माल कुठे ठेवलाय यावरून. माल जागचा हलला नाही, हूक जागचा हलला नाही, तर मागच्या चाकांवर १६९ किलो जास्तच राहणार आणि पुढे ३९ किलो कमीच राहणार.

घरातली खाट डोळ्यापुढे आणा. अंगणातल्या वाळूत खाट टाकली, पायथ्याला दोन माणसं बसली, पायथ्याचे खूर वाळूत रुतले. तुम्ही त्या खुरांखाली विटा दिल्या. खाट सरळ झाली. पण दोन माणसांचं वजन पायथ्याच्याच खुरांवर आहे ना? उशाकडचे खूर तेवढेच हलके. ते बदलायचं असेल तर एका माणसाला उठून उशाला बसवावं लागेल.

बलून म्हणजे ती वीट.

विटेला नावं ठेवायचं कारण नाही. तिचे फायदे आहेत.

पहिला फायदा हेडलाइटचा. वरच्या उदाहरणात गाडी मागून तीन-साडेतीन सेंटीमीटर बसली आणि पुढून जेमतेम एक सेंटीमीटर उचलली असं धरा. एकूण चार सेंटीमीटरचा तिरपा. अडीच मीटरवर चार सेंटीमीटर म्हणजे पन्नास मीटर पुढे दिव्याचा झोत ८० सेंटीमीटर वर गेला. समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात. रात्री गंजाडच्या रस्त्याला समोरचा अप्पर मारून तुमच्यावर चिडतो, तेव्हा तुमचा दिवा लोअरवर असूनही त्याला अप्पर वाटत असतो. काही गाड्यांत दिव्याची उंची कमी करायचा छोटा नॉब असतो, तो वापरा. बलूननेही हा प्रश्न सुटतो.

दुसरा, स्प्रिंग पूर्ण दबून आतल्या रबरी ठोकळ्यावर आदळणं थांबतं. स्पीडब्रेकरवर मागून 'ठाक' आवाज येतो तो हाच. वारंवार आदळलं तर शॉकअपही जातात आणि बॉडीलाही त्रास.

तिसरा, हूक आणि ट्रॉलीचं नाक जमिनीला घासत नाही. वाडीच्या रस्त्यावर, जिथे मध्ये उंचवटा आणि दोन्हीकडे चाकोरी असते, तिथे हे महत्त्वाचं.

एवढं मिळत असेल तर बलूनचे पैसे वाया नाहीत. पण गॅरेजमधून निघताना 'आता गाडीची ताकद वाढली' असं मनात आलं, तर मात्र घोटाळा झाला.

बसलेली गाडी तक्रार करत असते

यात सगळ्यात धोक्याची गोष्ट मला हीच वाटते. गाडी मागून बसते तेव्हा ती आपल्याला काहीतरी सांगत असते: माल जास्त झालाय, किंवा चुकीच्या जागी आहे. बलून भरला की ही तक्रार बंद होते. गाडी आरशात बघितल्यासारखी सरळ. मग माणूस म्हणतो, सरळ तर आहे, अजून दोन क्रेट टाक.

गाडीची वजनाची मर्यादा फक्त स्प्रिंगवर ठरत नाही. टायर, बेअरिंग, ब्रेक, ॲक्सल, हूक जिथे बसवलाय तो पत्रा, हे सगळं धरून कंपनी एकूण वजनाचा आकडा देते. बलूनने त्यातली एकही गोष्ट बदलत नाही. बलून बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या स्वतःच सांगतात की गाडीची मूळ मर्यादा ओलांडू नका.

छोट्या एसयूव्हीत माणसं आणि सामान धरून साधारण चारशे-साडेचारशे किलो घालता येतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पाच मोठी माणसं म्हणजे साडेतीनशे किलो तिथेच झाले. आणि हुकावरचा भार ट्रॉलीच्या नाही, गाडीच्या खात्यात धरायचा. हे फार लोक विसरतात.

आणखी एक बारीक मुद्दा. बलूनने मागची बाजू कडक होते. गाडी वळताना मागचा भाग कमी कलतो, ते बरं वाटतं. पण कडक झालेल्या बाजूची चाकं वळणावर आपली पकड लवकर सोडतात. रिकाम्या गाडीत बलून कडक भरून पावसात वेगाने वळलात, तर मागची बाजू सरकू शकते. म्हणून ट्रॉली सोडली, माल उतरवला, की हवा कमी करायची. पूर्ण काढायची नाही, बलून रिकामा झाला तर स्प्रिंगच्या वेढ्यांत चिमटून फाटतो. संचाबरोबर जो कमीत कमी आकडा दिलेला असतो, तेवढी ठेवायची.

फुकटचा उपाय आधी

आता गाडीवानाचा उपाय करू. पोती पुढे.

तेच चार क्रेट डिकीतून काढा. मागची सीट पाडा आणि क्रेट पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवून, नीट बांधून ठेवा. आता त्यांचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे आला असं धरू. हिशेब पुन्हा: ८० गुणिले ३०, भागिले २५०, साधारण १० किलो. पण या वेळी ते पुढच्या चाकांवर वाढले, कमी झाले नाहीत.

आधी पुढून ३९ किलो जात होते, आता हुकाचे २० वजा हे १०, म्हणजे फक्त १० गेले. मागे १६९ ऐवजी १४०. माल तेवढाच, ट्रॉली तीच, खर्च शून्य. जगातला कुठलाही बलून हे करू शकत नाही.

तीच गोष्ट ट्रॉलीत. इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. हुकावरचा भार कमी व्हावा म्हणून काही जण माल ट्रॉलीच्या मागच्या टोकाला ठेवतात. गाडी छान सरळ दिसते. पण आता ट्रॉलीच उलाळ झाली. मागे जड असलेली ट्रॉली वेगात शेपूट हलवायला लागते. आधी हळू, मग प्रत्येक झोक्याला जास्त, आणि एका क्षणी ती गाडीला स्वतःबरोबर फिरवते. ट्रॉलीचे जीवघेणे अपघात असेही होतात. शेजारून मोठा कंटेनर वेगात गेला की त्याच्या वाऱ्याचा धक्काही हे सुरू व्हायला पुरतो, आणि आपल्या हायवेला कंटेनर किती आहेत ते सांगायला नको.

म्हणून जड वस्तू ट्रॉलीच्या चाकांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, आणि खाली. हलक्या वस्तू टोकांना. हुकावरचा भार ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. युरोपात याहून कमी धरतात, अमेरिकेत जास्त. पण हुकावर किंवा मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त आकडा दिला असेल तर तोच शेवटचा शब्द.

पाण्याच्या ड्रमबद्दल दादांना खास सांगतो. २०० लिटरचा ड्रम भरलेला २०० किलो. अर्धा भरला तर १०० किलो, पण तो अर्धा जास्त वाईट. पाणी ब्रेकला पुढे धावतं, पिकअपला मागे. हुकावरचा भार दर क्षणाला बदलतो. एकतर पूर्ण भरा, घट्ट झाकण लावा, चाकांच्या वर बांधा. नाहीतर रिकामा न्या आणि पाणी तिकडेच भरा. तळासरीच्या जमिनीवर बोअर असेल तर हाच सोपा मार्ग.

वजन कसं मोजायचं

अंदाजावर राहू नका. दोन ठिकाणी मोजायचं.

हुकावरचा भार घरीच मोजता येतो. बाथरूमचा वजनकाटा सपाट फरशीवर ठेवा. त्यावर लाकडाचा ठोकळा असा उभा करा की ट्रॉलीचं नाक गाडीला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतं तेवढंच राहील. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, माल नेहमीसारखा भरा, नाक ठोकळ्यावर टेकवा. आकडा वाचा, ठोकळ्याचं वजन वजा करा. संपलं.

गाडीचं वजन ट्रकच्या काट्यावर. काटेवाल्याला सांगा, तीन नोंदी हव्यात: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एकदा रिकाम्या गाडीचं, एकदा माल भरून आणि ट्रॉली जोडून (ट्रॉलीची चाकं काट्याच्या बाहेर). मोठे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात, तेवढं आपल्याला पुरे. बलून आधीच टाकले असतील तर एकदा हवा कमी ठेवून आणि एकदा जास्त भरून करा. पुढच्या चाकांचा आकडा जवळपास हलत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा ती चिठ्ठी मुलाला जास्त पटेल.

बलून टाकायचेच असतील तर

हे सगळं करूनही गाडी मागून बसते, दिवे वर जातात, ब्रेकरला आदळते, तर बलून जरूर टाका. काही गोष्टी बघून.

एक. तुमच्या गाडीच्या स्प्रिंगच्या मापाचाच संच. 'बसवू कसाही' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. बऱ्याच छोट्या एसयूव्हीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, तिथे बलून आत जातो. ज्यात शॉकअप स्प्रिंगच्या आतूनच गेलाय, तिथे या प्रकाराला जागाच नाही.

दोन. डाव्या-उजव्या बलूनला वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह. दोन्ही एका टी-जोडणीने जोडले की वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी जास्त कलते. वेगळे असले की तसं होत नाही.

तीन. हवा हातपंपाने किंवा फूटपंपाने. बलूनमध्ये हवा मावते फार थोडी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने एका फटक्यात मर्यादा ओलांडली जाते. आणि सकाळी, गाडी थंड असताना मोजा. उन्हात आणि चालून चालून दाब वाढतो.

चार. किती भरायची? आधी रिकाम्या गाडीची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी लिहून ठेवा. माल भरा, पुन्हा मोजा. मग थोडी थोडी हवा भरत मागची उंची वर आणा. रिकाम्या उंचीच्या वर कधीच नाही. थोडी खाली राहिली तरी चालेल. दिवे ठीक आणि ठोकळा आदळत नाही, एवढं झालं की थांबा.

पाच. नळी सायलेन्सरपासून लांब आणि कुठे घासणार नाही अशी. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, त्यात पावसाळ्यात वाडीतला चिखल. गंजलेल्या स्प्रिंगचे पापुद्रे आणि अडकलेला खडा, दोन्ही बलून कापतात. पावसाळ्याआधी आणि नंतर चाक काढून बघून घ्या. आणि वाटेत बलून फुटला तर काय? मूळ स्प्रिंग आहेच, गाडी फक्त पुन्हा बसेल. पण तुम्ही बलूनच्या भरवशावर जास्त माल भरला असेल, तर मात्र तो क्षण अवघड.

पाटेवाल्यांसाठी एक वाक्य म्हटलं होतं. पाटा चासीला दोन टोकांना धरतो, भार दोन ठिकाणी वाटतो. मधे बलून टाकून खूप हवा भरली की तो भार चासीच्या एकाच जागी येतो. ऑस्ट्रेलियात मागे जड ट्रेलर आणि बलून कडक भरलेल्या पिकअपच्या चासी वाकल्याची उदाहरणं गाजली ती यामुळे. तिथे जपून.

हूक आणि कागद

बलूनपेक्षा आधी हुकाकडे बघा. बंपरजवळ स्क्रू होणारी जी रिंग गाडीबरोबर येते, ती बंद पडलेली गाडी ओढून न्यायला. ट्रॉलीसाठी नाही. आणि पत्र्याला वेल्डिंग मारलेला हूक ही तर भीतीचीच गोष्ट. हूक कंपनीने ठरवलेल्या जागी, नटबोल्टने. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रॉली ओढूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथे संपला, माल टेम्पोने पाठवा.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर वजन कमी ठेवा. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला जास्तीत जास्त ७५० किलोची मर्यादा आहे, आणि हलक्या गाड्यांना त्याहूनही कमी. आपली ५०० किलोची ट्रॉली आणि दीड टनाची भरलेली गाडी मिळून दोन टन होतात, आणि थांबवायला ब्रेक फक्त गाडीचे. थांबायला तिसरा हिस्सा जास्त अंतर लागेल असं धरून चाला.

कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे त्याची नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ नोंदींशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं. तेव्हा हूक आणि बलून, दोन्हींबद्दल आरटीओत आणि विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

दादांना उत्तर

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बलून टाकल्याने स्टेअरिंग जड होणार नाही.

या क्रमाने करा. मॅन्युअल उघडा. हूक तपासा. हुकावरचा भार मोजा. डिकीतले क्रेट पुढे घ्या. ड्रम रिकामा न्या. टायरची हवा माल भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या आकड्याएवढी करा, तो आकडा दाराच्या चौकटीवर असतो. मग काट्यावर जा. एवढं करून एकदा चारोटीपर्यंत चालवून बघा. माझा अंदाज आहे, निम्मा त्रास तिथेच गेलेला असेल. उरलं तर बलून, तेही उंचीसाठी, वजनासाठी नाही.

आणि मुलाला दोन गोष्टी सांगा. ट्रॉली मागे असताना साठच्या आत. आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागली तर ब्रेक दाबायचा नाही, स्टेअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. स्टेअरिंग सरळ घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं. मग बाजूला थांबून माल बघायचा. कुठेतरी काहीतरी मागे सरकलेलं असतं. हे त्याला घरी तोंडी सांगून पुरणार नाही. रिकाम्या रस्त्यावर, शेजारी बसून, दोन-तीन खेपा त्याच्याबरोबर करा.

काट्यावरची चिठ्ठी मिळाली की आकडे आम्हाला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. बाकी मंडळींनीही आपले प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात, तोवर गाडी सांभाळून चालवा.